पंधरा भागिले सव्वीस

ऑक्टोबरची एकतीस, रात्रीचे पावणेदहा.
माझगावात, कर्णबधिर मुलांच्या शाळेच्या माडीवर
मी, एक ट्यूबलाइट, आणि पोर्टलवर गोल गोल फिरणारं चक्र.
गोदीचा भोंगा झाला.
वसतिगृहातली अठरा मुलं कूससुद्धा वळली नाहीत.

संस्था धर्मादाय. नफा नाही, म्हणून कर नाही.
तिच्या कर्मचाऱ्यांचा ग्रॅच्युइटी फंड वेगळा,
त्याचा पॅन वेगळा, त्याचे विश्वस्त वेगळे
(तेच तिघे, पण दुसऱ्या रजिस्टरात).
त्यालाही कर नाही.
पण कर नाही हे सांगावं लागतं
दरवर्षी, मुदतीत, सहीनिशी.
न सांगितलेलं शून्य
शून्य धरत नाहीत.

फंडाच्या देण्यांत यंदा एकच ओळ आहे:
तान्हूबाई सोमा निजामपूरकर, आया, सेवा वर्षे सत्तावीस.
शेवटचा पगार पंधरा हजार सहाशे
भागिले सव्वीस, दिवसाचे सहाशे,
गुणिले पंधरा, गुणिले सत्तावीस:
दोन लाख त्रेचाळीस हजार.
बँकेने दोनदा परत पाठवले.
आधारवर ती तानुबाई, पॅनवर तान्हु एस.,
आमच्या मस्टरवर तान्हूबाई, दीर्घ ऊ.
मग कोर्टाबाहेरच्या टेबलावर स्टँपपेपर घेतला,
की या तिघी एकच बाई आहेत.
मुलांना कधी अडलं नाही.
मुलं नाकपुडीला दोन बोटं लावतात, तिची चमकी,
की झालं तिचं नाव.
त्याला ऱ्हस्वदीर्घ नाही.

सव्वीसच का, तिनं विचारलं होतं.
म्हटलं, कायद्याच्या महिन्यात रविवार नसतात.
ती हसली.
रविवारी कानातली यंत्रं काढून
एकेक पुसायची ती, अठरा जोड्या,
आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची, दमट हवा लागू नये म्हणून.
सोमवारी सगळ्या शाळेच्या कानाला
कोलमचा वास.
मी उगाच हिशेब केला: चौदाशे चार रविवार.
एक्सेलच्या कोपऱ्यात लिहिले,
ऑडिटर पाहील म्हणून पुसले.

रक्कम सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, आणि तुला किती गं मिळणार?
मला नाही मावशी. मी कंत्राटी.
अकरा महिन्यांचा कागद, मग एक दिवस खंड, मग नवा कागद.
बारा वर्षं सगळ्यांच्या निवृत्तीचं मीच भरते.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
मुलं पडल्यावर बघायची तसं,
आधी कुठं लागलं ते.

आता सगळे रकाने हिरवे झालेत.
करपात्र उत्पन्न: शून्य. देय कर: शून्य.
मी सत्य प्रतिज्ञेवर सांगते की.
फक्त ओटीपी राहिला.
तो जातो कर्णिक साहेबांच्या मोबाइलवर.
साहेब जूनमध्ये गेले.
बदलाचा अर्ज धर्मादाय कार्यालयात पडून आहे,
आणि मुलुंडला त्यांच्या बाई
तो फोन रोज चार्ज करतात.

आला गं, म्हणाल्या त्या. लिहून घे.
सहा आकडे त्यांनी सावकाश वाचले,
मध्ये थांबून, चष्मा लावून,
एखाद्याचं पत्र वाचावं तसे.
झालं? काही चुकलं नाही ना त्यांचं?
नाही बाई. पोचपावती आली.
मग उद्यापासून बंद केला तर चालेल का?
रिचार्जला पैसे जातात, आणि उगाच वाजतो.

खाली चक्री जिन्यात
कुणीतरी दिवा घालवला, परत लावला;
आमच्याकडे हाक अशीच मारतात. जेवायला ये.
मी म्हणाले, नको,
एवढ्यात नको बंद करू.
जानेवारीत तिमाहीचं आहे.